चालू द्या

आमच्या दूध कंपनीच्या प्रोसिडिंग बुकात माझ्या तोंडी एक वाक्य आहे. "महिला संचालिकांनी प्रस्तावाचे समर्थन करताना सदर केंद्रावरील संकलनात सातत्याने होणारी घट आणि वाहतुकीचा अपव्यय याकडे सभेचे लक्ष वेधले." त्याखाली गाव बंद करण्याचा ठराव. म्हणजे त्या गावातलं दूध घेणं बंद करण्याचा. सूचक चेअरमन, अनुमोदक मी. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं, पण इतकं शुद्ध आणि इतकं मेलेलं मराठी माझ्या तोंडून कधी निघालं नाही. ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परत वरून वाचलं. हे मी बोललेच नव्हते. पण या धक्क्यातून सावरते न सावरते तोच पुढचा बसला, आणि तो जास्त जोराचा होता.

आधी मी तिथं कशी पोचले ते सांगते. तिसगावच्या आसपासच्या गावांतल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली. शेतकऱ्यांची कंपनी म्हणजे काय, तर सोसायटीला कोट घातला की कंपनी होते. सात संचालक लागत होते आणि त्यात एक तरी बाई हवी होती. मी नुकतीच रिटायर झालेली, दारात चार गाई, आणि न मागता सल्ला द्यायची जुनी खोड. चेअरमनची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली. ते घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, तुमी फक्त सही करायची. बाकीचं बघायला आमी हाय." याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट लेटरहेडवर स्वतःचं नाव बघून मी खूष झाले आणि तो कागद भाच्यांना दाखवला.

मीटिंग महिन्यातून एकदा. विषयपत्रिका टेबलावर पडलेली असायची आणि गप्पा पाऊस, लग्नं आणि पेंडीच्या पोत्याच्या वजनावर चालायच्या. मग भेळ, मग चहा, मग सह्या. प्रोसिडिंग लिहायला एक म्हातारे क्लार्क होते. सोसायटीत उभा जन्म गेलेला माणूस. दोन संचालक एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी ते लिहीत, "विषयावर सखोल चर्चा झाली." सूचक-अनुमोदक ते पाळीपाळीनं टाकत, म्हणजे कुणाला वाटायला नको की आपलं नाव राहिलं. पण टाकण्याआधी फोन करत. "बाई, अमुक ठराव हाय, तुमाला अनुमोदक धरू का? तुमाला पटत नसंल तर दुसरं नाव टाकतो." मी दोनदा नाही म्हणाले होते. दोन्ही वेळा तो ठराव पुढच्या महिन्यावर गेला आणि मग कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. सगळी लिखापढी खोटी होती, मान्य. पण कुणाच्या मनात काय आहे ते त्या इमारतीत निदान एका माणसाला ठाऊक होतं.

ते क्लार्क गुडघ्यांनी गांजले आणि घरी बसले. मग आले आमचे सीईओ. पुण्यात शिकलेले, राहायला नगरला, रोज गाडीनं ये-जा. (जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही अजून नगरच म्हणतो, जीभ वळायला वेळ लागतो.) माणूस हुशार आणि कामाला वाघ. त्यांनी मीटिंग हॉलमध्ये भिंतभर टीव्ही लावला आणि कंपनीला एआय आणलं. आम्ही सगळे त्याला मशीन म्हणायचो. एक मशीन रोजचं दूध, फॅट, टेम्पोचे फेरे बघून काय करावं ते सुचवायचं. दुसरं मीटिंगमधलं बोलणं ऐकून आपोआप प्रोसिडिंग लिहायचं. टेबलाच्या मधोमध एक काळी वाटोळी डबी ठेवलेली असायची, ती ऐकायची. पहिल्या दिवशी आम्ही सगळे तिच्यासमोर फोटोला बसल्यासारखे ताठ बसलो. तिसऱ्या मीटिंगला तिच्या शेजारी भेळेचा कागद होता.

आणि हळूहळू एक गंमत झाली, तेव्हा गंमतच वाटली. कुठलाही विषय निघाला की चेअरमन टीव्हीकडे हनुवटी उडवून विचारायचे, "मशीन काय म्हनतंय?" मशीन काहीतरी म्हणायचंच. मग सगळे "हां, मग ठीक हाय" म्हणून मोकळे. पूर्वी एखादा टेम्पोचा मार्ग बदलायचा म्हटलं तर दोन महिने भांडण चालायचं, कारण कुणाचा तरी मेहुणा त्या वाटेवर राहायचा. आता पाच मिनिटांत मिटायचं. मला तर फार बरं वाटलं. मेहुण्यापेक्षा मशीन परवडलं, असं मीच एकदा म्हणाले आणि सगळे हसले.

आता त्या गावाचं सांगते. डोंगराच्या कुशीला, आमच्या रस्त्याचं शेवटचं गाव. जमीन आहे पण पाणी नाही, म्हणून दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतं. तिथलं दूध संकलन केंद्र एक बाई चालवायची. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. ती आणि तिचा नवरा पूर्वी जोडीनं ऊस तोडायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिकडचा हिशेब. कंपनी निघाली तेव्हा तिला मीच गाठलं होतं. म्हटलं, केंद्र घे, सकाळ-संध्याकाळ दूध मोज, कारखान्यावर जाऊ नको, पोरीची शाळा मोडू नको. तिनं ऐकलं. सहा वर्षं झाली, ती एकदाही गेली नाही. नवरा एकटा जायचा. पोरगी नववीपर्यंत एकाच शाळेत शिकली. त्या गावात ही केवढी गोष्ट आहे ते तिथल्या मास्तरांना विचारा.

केंद्र होतं म्हणून गावात मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा एखादी-दुसरी गाय ठेवून होत्या. थंडीत चारा आणायला माणूस नसे, दूध कमी पडे. पाडव्याला माणसं परतली, पाऊस झाला, की पुन्हा कॅन भरायचे. हे आम्हा सातही संचालकांना पाठ होतं. एकालाही माहीत नव्हतं असं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पौषातली मीटिंग. माझ्या शेजारी बसलेल्या संचालकाची कालवड तिसऱ्यांदा उलटली होती, म्हणजे रेतन करूनही गाभ राहत नव्हती, आणि मी त्याला माझ्याकडचा उपाय सांगत होते. समोर सीईओ टीव्हीवर रंगीत रेघा दाखवत होते. ते मध्येच थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम?" मी हात हलवला आणि म्हणाले, "हां हां, चालू द्या." आमच्याकडे हे मीटिंगमध्ये सगळेच म्हणतात. चालू द्या, म्हणजे तुमचं बोलणं चालू द्या, आमच्यासाठी थांबू नका. चेअरमन दर पाच मिनिटांनी म्हणतात. त्यात होकार नाही, नकार नाही, लक्ष तर अजिबातच नाही.

दोन दिवसांनी सकाळी ऑफिसातून फोन. "बाई, ओटीपी आलाय बघा, सांगा." पूर्वी सहीला तिसगावला जावं लागायचं, आता सहीच मोबाईलवर आली होती. तव्यावर भाकरी होती. मी पिठाच्या हातानं मोबाईल उचलला, सहा आकडे वाचून दाखवले आणि भाकरी उलटली. कशाला सही केली ते विचारलं नाही. त्या दिवशीच नाही, त्याआधीही कधी विचारलं नव्हतं.

मग तीनेक आठवड्यांनी आमच्या गावाचं दूध न्यायला येणारा टेम्पोवाला कॅन चढवताना सहज म्हणाला, "आता बरं झालं बाई, डोंगराकडची खेप कमी झाली."

"कमी म्हणजे?"

"त्या गावाचं केंद्र बंद झालं न्हाई का."

"काहीतरीच काय! कुणी बंद केलं?"

त्यानं कॅन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "तुमीच की वो. ऑफिसात ठराव लावलाय, त्यावर तुमचं नाव हाय."

मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा गप्प कॅन चढवून निघून गेला. मी तशीच त्याच्यामागून एसटीनं तिसगाव गाठलं, ऑफिसात गेले, प्रोसिडिंग मागितलं आणि ते सुरुवातीला लिहिलेलं वाक्य वाचलं.

सीईओंवर मी तुटून पडले. म्हटलं, हा खोटारडेपणा आहे, मी असलं काही बोलले नाही, तुमच्या यंत्रानं माझ्या नावावर भाषण खपवलं. ते शांत होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डिंग आहे. आपण ऐकूया." मला वाटलं, आता बघू कसा तोंडावर पडतोस.

त्यांनी आवाज लावला. आधी त्यांचं स्वतःचं बोलणं, सावकाश, स्पष्ट. केंद्राचं नाव, गावाचं नाव, दोन-अडीच महिन्यांची घट, टेम्पोचा फेरा, "म्हणून सिस्टीमनं हे केंद्र बंद करायचं सुचवलं आहे. कुणाचा आक्षेप?" आणि या सगळ्याच्या वर, डबीच्या अगदी जवळ, माझा आवाज. ओव्याचं पाणी, गुळाचा खडा, आमच्या शेजारणीची गाय. मी हसत होते. मग चेअरमन, "मशीन म्हनतंय तर घ्या करून." मग सीईओ, "अनुमोदन कुणाचं घेऊ? मॅडम?" मग मी, दोनदा, चांगल्या खणखणीत आवाजात, "हां हां, चालू द्या. चालू द्या."

सीईओ म्हणाले, "हे सिस्टीमनं संमती म्हणून धरलं. पुढचं वाक्य तिनं माझ्या प्रेझेंटेशनवरून जुळवलं. ते चूक आहे, आपण काढू. पण संमती..." आणि ते थांबले. माणूस सभ्य आहे.

यंत्रानं माझ्या तोंडी भाषण घातलं याचा धक्का केव्हाच मागं पडला होता. खोली एकच, टेबल एकच, गावाचं नाव मोठ्यांदा तीनदा घेतलेलं, आणि माझ्या कानात त्यातला एक शब्द शिरला नव्हता. वर्गात मागच्या बाकावर बोलणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर उभं केलं. इथं मला कोण उभं करणार होतं?

त्या केंद्र चालवणाऱ्या बाईला लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. कोणत्या तोंडानं करू, असं वाटलं. मनाशी म्हटलं, आधी ठराव फिरवते, मग कागद घेऊनच जाते. मोबाईलमध्ये तिचा नंबर काढायची आणि परत ठेवून द्यायची, असं मी दोन-तीनदा केलं. पुढची मीटिंग माघाच्या अखेरीस होती. मी ताकद गोळा करत बसले, चेअरमनना काय सुनवायचं त्याची वाक्यं जुळवत बसले. तेवढ्या दिवसांत तिकडे काय चाललं असेल याचा विचार केला नाही असं नाही, पण त्या विचाराशी फार वेळ थांबलेही नाही.

मीटिंगला मी विषय काढला. चेअरमननी मिशीवरून हात फिरवला आणि लगेच वाट काढली. ते राजकारणात मुरलेले आहेत, उगाच चेअरमन नाहीत. म्हणाले, "अवो बाई, एवढं काय त्यात? तुमी म्हनालात चालू द्या. म्हंजी केंद्र चालू द्या! मशीनला उलटं कळलं. मशीनला काय आपली भाषा येती का? घ्या दुरुस्त करून. केंद्र चालू ठेवायचं, सर्वानुमते."

सगळे हसले. सीईओसुद्धा. मलाही क्षणभर इतकं हलकं वाटलं की काय सांगू. केंद्र वाचत होतं, माझी अब्रू वाचत होती, दोष यंत्राच्या माथी जात होता आणि यंत्राला अब्रू नाही. फक्त "हो" म्हणायचं होतं. आणि खरं सांगायचं तर ही पळवाट मला नवी नव्हती. रेकॉर्डिंग ऐकलं त्याच संध्याकाळी ती माझ्या डोक्यात येऊन गेली होती. इतक्या लवकर आली याचीच मला भीती वाटली होती.

मी म्हणाले, "नाही. मी केंद्र चालू द्या असं म्हटलं नव्हतं. मी ऐकतच नव्हते. तसं लिहा."

चेअरमनचं हसू गेलं. "असं कुठं लिहित्यात का प्रोसिडिंगात? संचालक ऐकत नव्हत्या म्हनून?"

"का नाही? तुम्ही तरी ऐकत होता का?"

कालवडवाला संचालक भेळेतले शेंगदाणे वेचायला लागला. मी म्हटलं, आता रीतसर मत घ्या, हात वर करून. हे केंद्र राहावं असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करा. मी केला. माझा एकटीचाच हात वर. पण जे मला बसल्या जागी गार करून गेलं ते वेगळंच. बाकी सहाही जण माझ्याकडे बघत नव्हते, एकमेकांकडे बघत नव्हते. सहाच्या सहा मान वळवून भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होते. उत्तर तिथं उमटायचं होतं, मग हात ठरणार होते. केस पांढरे झालेली, पोरांची लग्नं ठरवलेली, बांधावरून खून पडायची वेळ आली तेव्हा मध्ये पडून मिटवलेली ही माणसं. वर्गातली पोरं फळ्याकडे बघतात तशी बघत होती.

सीईओंना ते उमगलं असावं. त्यांनी विचारलं, "मॅडम, दूध का कमी होतं तिथं?" मी सांगितलं. माणसं तोडीला जातात, पाडव्याला येतात, पावसानंतर दूध वाढतं, दर वर्षी असंच. ते म्हणाले, "हे सिस्टीममध्ये नाहीये. तिच्याकडे यंदाच्या पावसापासूनचीच आकडेवारी आहे." त्यांनी तिथंच टाइप केलं. दोन ओळी. टीव्हीवर एक ठिपका फिरला आणि उत्तर आलं. सरकारी पत्रासारखं मराठी, पण समजत होतं. नवीन माहितीनुसार ही घट हंगामी आहे, केंद्र सुरू ठेवणे योग्य ठरेल, आधीच्या शिफारशीबद्दल क्षमस्व.

"हां, मग ठीक हाय," चेअरमन म्हणाले, आणि सहा हात वर गेले.

मी जिंकले होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. यंत्राला माहीत नव्हतं म्हणून ते चुकलं, सांगितल्याबरोबर दुरुस्त झालं, वर माफीही मागून मोकळं झालं. आम्हाला सगळं माहीत होतं. सात जणांना, बसल्या जागी, बोटावर मोजून सांगता येईल इतकं माहीत होतं. दोन ओळी. त्या कुणी तोंडातून काढल्या नाहीत, कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं काम आमचंच होतं. मी हे सगळं बोलून दाखवलं, जरा मोठ्या आवाजात. चेअरमन म्हणाले, "झालं ना आता तुमच्या मनासारखं? चहा घ्या." मी चहा घेतला नाही. ठरावाची प्रत मागून घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओटीपी सांगायच्या आधी सगळा ठराव वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून डोंगराकडे निघाले. मनात आनंद होता, खोटं कशाला बोलू? वाटेत वाक्यं जुळवत होते. लाज होतीच, पण हातात कागद होता.

तिच्या घराबाहेर दुधाचे कॅन उपडे घालून ओळीनं ठेवले होते. धुऊन, कोरडे करून. फॅट मोजायचं मशीन पोत्यात गुंडाळून दोरी बांधलेली. ती ओट्यावर बसून एका पिशवीत भांडी भरत होती. मला बघून उठली, पदर सावरला, हसली. "या, या बाई. किती दिसांनी."

मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. केंद्र परत सुरू, हा बघ ठराव, उद्यापासून टेम्पो येईल. तिनं कागद घेतला, सावकाश वाचला. सातवीपर्यंत शिकलेली आहे, वाचता चांगलं येतं. मग कागदाची घडी घालून मला परत दिला.

"दूध कुठंय पन, बाई?"

"म्हणजे?"

"म्हाताऱ्या किटल्या घिऊन पाच किलोमीटर खालच्या गावाला जायच्या का दोन टायमाला? आठ-दहा दिस गेल्या. एक पडली, पाय मोडला. मग सगळ्यांनी मिळून पिकअप केली आन् गाया घोडेगावच्या बाजारला धाडल्या. माझ्या दोन बी गेल्या." तिनं गोठ्याकडे हात केला. दावणीला काही नव्हतं, शेणाचा वासही जुना झाला होता. "परवा मुकादमाची गाडी येनार हाय. ऱ्हायलेला सीझन मालकाबरुबर जाऊन येते. पोरगी ऱ्हाईल आजीपाशी. तिचं नववीचं पेपर हायत, बघू कसं जमतंय ते."

मी ओट्यावर बसले. इकडे वाऱ्यानं ठरावाचा कागद फडफडत होता, तो मी मांडीखाली दाबून धरला.

तिनं आत जाऊन चहा टाकला. तिथूनच बोलत होती. "तुमाला फोन करनार हुते मी. मग म्हनलं, नको. तुमाला काय माहीत असनार? लोकं लई शिव्या देत हुते कंपनीला. मी सगळ्यांस्नी सांगितलं, हे मशीनचं काम हाय. आमच्या बाई तिथं असत्यात, त्यांच्या कानावर असतं तर त्यांनी असं होऊच दिलं नसतं."

ती बाहेर आली, कप माझ्यापुढे ठेवला. चहा कोरा होता. सहा वर्षं ज्या घरात गावाचं दूध मोजलं गेलं, तिथं पाहुण्याच्या चहात घालायला चमचाभर दूध नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटू नये अशी ती समोर बसली होती. मला गप्प राहता आलं असतं. तिनं माझ्यासाठी निमित्त तयार करून ठेवलं होतं, तिचा त्यावर विश्वास होता, आणि ती परवा जाणार होती.

"मशीननं नाही," मी म्हणाले. "मशीननं नुसतं सुचवलं होतं. मंजूर आम्ही केलं. अनुमोदन माझं आहे. मी तिथंच बसले होते, तुझ्या गावाचं नाव घेतलं तेव्हा मी दुसरंच बोलत होते."

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मग मला एकदा इचारायचं तरी हुतं, बाई."

आणि पुन्हा भांडी भरायला लागली.